मनस्वीच्या ओळीतले सात तुकडे

मी लहान मुलांना कोडिंग शिकवत असे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि मग विचारतो, "कोणत्या कंपनीत?" अंध मुलांच्या शाळेत, म्हटलं की तो विषय बदलू बघतो. आणि वर्गात एकही कॉम्प्युटर नव्हता म्हटलं की त्याची खात्रीच पटते, निवृत्तीनंतर बाईंचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय. नागपुरात हुडकेश्वरला आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ अजून मला 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम' म्हणतात आणि त्यांचा प्रिंटर अडला की बोलावतात. मी जाते, प्रिंटरवर एक चापट मारते, चहा पिते आणि परत येते.

तेव्हा आधी आमचा धंदा काय होता ते सांगते. वर्गात जमिनीवर एक जाड रबरी चटई होती. तिच्यावर सुतळी शिवून सहा बाय सहा अशी छत्तीस घरं पाडलेली, बोट फिरवलं की घराची कड लागावी अशी. एका कोपऱ्यात लाकडी बैल आणि समोरच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा गोठा. बैल तोच, तान्ह्या पोळ्याला आमच्याकडची पोरं दोरीने ओढत दारोदार नेतात तो चाकांचा. या कामासाठी बाहेरदेशी बनवलेली खेळणी मिळतात, महागडी आणि बोलणारी. पण आमच्या मुलांच्या हाताला बैलाची शिंगं ओळखीची होती. त्याचं तोंड कुठे आहे हे वेगळं शिकवावं लागत नसे.

बैलाला गोठ्यात न्यायचं, पण ढकलून नाही, आज्ञा देऊन. नागपूरच्या महाल भागातल्या एका सुताराकडून मी लाकडाचे चौकोनी तुकडे करून घेतले होते. सँडपेपर चिकटवलेला तुकडा म्हणजे एक घर पुढे. मखमल म्हणजे जागच्या जागी डावीकडे वळ. बटण म्हणजे उजवीकडे. स्पंज म्हणजे थांब. हे तुकडे खाच असलेल्या लाकडी पट्टीत ओळीने मांडायचे. मग मांडणाऱ्याने हात काढून घ्यायचा आणि दुसऱ्या मुलाने एकेक तुकडा चाचपत, तो सांगेल तसाच, बैल चालवायचा. मध्ये स्वतःचं शहाणपण चालवायचं नाही. बैल चटईबाहेर निघाला तर निघू द्यायचा आणि मग ओळीत खोट कुठे आहे ते बोटांनी शोधायचं. कोडिंग म्हणजे मुळात एवढंच. काय करायचं ते आधी पुरतं ठरवून क्रमाने सांगायचं, आणि चुकलं तर आपलं सांगणं तपासायचं. कॉम्प्युटर नंतर येतो.

पालकांना हे पटवणं हीच मोठी परीक्षा होती. लॅपटॉप कधी देणार म्हणून एका सभेत बरीच वादावादी झाली. तेवढ्यात एका मुलीची आजी उठली. ती स्वेटर विणून विकायची. तिने ओळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे तं विणकामच होय. दोन सुलट, एक उलट, असं दहा खेपा. टाका चुकला का उसवा." मला तीन वर्षांत इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात बैल आडवा गेला की प्रत्येक मूल बैलालाच दोष देतं. मी म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं. महिन्याभरात तीच मुलं सांगू लागत, "मॅडम, माही तिसरी मखमल चुकली." आपली चूक इतकी नेमकी आणि न लाजता सांगणारी माणसं मोठ्यांमध्ये मी फार पाहिली नाहीत. त्यात मीही आले.

वर्गात एक नियम मी घालून दिला होता आणि त्या बाबतीत मी खाष्ट होते. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा तर आधी आपलं नाव सांगायचं आणि विचारायचं. ज्याला दिसतं त्याची वस्तू कुणी सरकवली तर त्याला सरकलेली दिसते. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ती वस्तू नाहीशी होते, आणि मग त्याला वाटतं की आपणच ठेवायला विसरलो. मुलाचा हातसुद्धा धरून ओढायचा नाही. आपला हात त्याच्या हाताखाली द्यायचा, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा तो काढून घेऊ शकतो. नवीन शिक्षिका आली की हे मी तिला पहिल्या दिवशी सांगत असे, जरा जास्तच ठसक्यात.

मनस्वी सात वर्षांची असताना आमच्याकडे आली. कोराडीहून आईबरोबर बसने येई. वडील तिथे वीजकेंद्रातली राख वाहणारा ट्रक चालवायचे. तिला थोडं दिसत होतं, नळीतून बघावं तितकं, आणि तेही कमी होत जाणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तीन-चार वर्षं, फार तर. तेवढ्या वेळात तिची बोटं तयार व्हायला हवी होती. नजर गेल्यावर ब्रेल शिकायला बसलेलं मूल आणि नजर असतानाच बोटांवर विसंबायला शिकलेलं मूल, यांच्या पुढच्या आयुष्यात फार फरक पडतो.

पण थोडं दिसणारी मुलं ब्रेलही डोळ्यांनी वाचतात. कागदाला नाक लावून ठिपक्यांच्या सावल्या बघतात. मनस्वी तेच करायची. मी रागावले, समजावलं, कागदावर फडकं टाकलं, काही उपयोग झाला नाही. मग तिला बैलाच्या चटईवर आणून बसवलं. मखमल आणि सँडपेपर डोळ्यांनी शोधण्यापेक्षा बोटांनी लवकर सापडतात, हे तिचं तिलाच कळलं. पावसाळा संपेपर्यंत ती ओळ मांडताना आपण होऊन डोळे मिटू लागली. ब्रेलच्या तासालाही मान वर ठेवून वाचू लागली. मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी सदरच्या बाजारात उतरून स्वतःसाठी एक साडी घेतली.

त्याच सुमारास, तान्ह्या पोळ्यानंतर आठ-दहा दिवसांनी, शाळेत पाहुणे यायचे ठरले. एका मोठ्या कंपनीची माणसं होती आणि आमचा वर्ग पुढे चालवायला मदत करायची की नाही हे ती पाहून ठरवणार होती. आमच्या मुख्याध्यापिका महिनाभर त्या काळजीत होत्या. दाखवायला मी मनस्वीला निवडलं. ती ओळ मांडणार आणि तिची मैत्रीण रिद्धी ती चालवणार. रिद्धी जन्मापासून पूर्ण अंध, वर्गात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत अबोल.

पाहुणे तासभर उशिरा आले आणि आल्या आल्याच घड्याळं बघू लागले. त्यांच्या खुर्च्या चटईच्या डाव्या अंगाला मांडल्या होत्या. मनस्वीने डोळे मिटून ओळ मांडली. मी वरून बघत होते. पहिल्या दोन सँडपेपरनंतर तिने मखमल लावली होती, मग सँडपेपर, मग स्पंज, मग सलग दोन मखमली, पुन्हा सँडपेपर, पुन्हा मखमल. म्हणजे बैल डावीकडे एक घर जाणार, थांबणार, उलटा फिरून होता तिथेच येणार आणि पुन्हा होतं तिकडेच तोंड करणार. सात तुकडे, आणि हाती काहीच नाही. पोर घाबरलीय, मला वाटलं. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. मनस्वी उठून पाहुण्यांच्या दिशेला नमस्कार करत आपलं नाव सांगत होती. तेवढ्यात मी वाकले, ते सात तुकडे उचलले, बाकीची ओळ सरकवून जुळवली आणि तुकडे पर्समध्ये टाकले.

नाव सांगितलं नाही. विचारलं नाही.

रिद्धीने ओळ चालवली आणि बैल सरळ गोठ्यात गेला. टाळ्या वाजल्या. एका पाहुण्याने मनस्वीच्या डोक्यावर हात ठेवला. ती मात्र मान तिरकी करून कशाची तरी वाट बघत उभी होती.

पाहुणे चहाला गेले तेव्हा ती चटईशी बसली आणि ओळीवरून बोटं फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा एकदा.

"मॅडम, ही माही ओळ नाही."

"तुझीच आहे बेटा."

"इथं स्पंज होता."

त्या क्षणी खरं सांगणं किती सोपं होतं. हो बाळा, मी काढला, मला वाटलं चुकलंय. पण दाराशी मुख्याध्यापिका उभ्या होत्या, त्यांचा चेहरा उजळलेला होता, आणि इतकी वर्षं हा नियम मी ज्यांना शिकवला त्या शिक्षिकाही तिथेच होत्या. मी म्हणाले, "नव्हता गं. घाई झाली ना, त्यात तुला आठवत नसेल."

मनस्वीने बोटं फ्रॉकला पुसली आणि पुन्हा ओळीवर ठेवली. रिद्धी शेजारीच बसली होती.

"मले वाटलं होता," मनस्वी म्हणाली.

संध्याकाळी तिची आई न्यायला आली. येता येताच हसत विचारलं, "पाहुण्यायनं देल्ला का मॅडम बोजारा? आठ दिवसांपासून घरी एकच चालू आहे. म्हणे माहा बैल पहिले पाहुण्याच्या दारात उभा राहीन आन् मंग गोठ्यात जाईन."

तान्ह्या पोळ्याला मुलं बैल घेऊन दारात उभी राहिली की घरची माणसं बैलाला ओवाळतात आणि मुलांच्या हातावर काहीतरी ठेवतात, तो बोजारा. मी जन्मापासून नागपूरची. लहानपणी स्वतः असा बैल ओढत गल्लीभर हिंडलेली. पाहुणे डाव्या बाजूला बसलेले, बैल डावीकडे एक घर जाणार, स्पंजावर थांबणार, मग परतून आपल्या वाटेला लागणार. ओळीत एकही खोट नव्हती. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या मुलाने इतकी सुंदर ओळ मांडली नव्हती, आणि ती मी पर्समध्ये टाकून बसले होते.

आईला मी म्हणाले, "नाही हो, विसरले वाटतं पाहुणे." ती बिचारी हसली.

उद्या सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मदत मंजूर झाल्याचा फोन आला आणि शाळेत पेढे वाटले. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर सांगू म्हटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. मनस्वीने नुसतं "मॅडम" म्हटलं तरी मी दचकत असे. तिने विषय पुन्हा कधी काढला नाही. पण ओळ मांडून झाली की ती हात काढेना. दोन्ही हात पसरून ओळीवर आडवी पडून राही. हळूहळू म्हणू लागली, "तुम्हीच मांडा मॅडम, माहं चुकते." आणि ब्रेलच्या तासाला तिची मान परत खाली गेली. बोटाने वाचलेलं अक्षर ती नाक लावून डोळ्यांनी तपासू लागली, आणि मग मला विचारू लागली, "बरोबर आहे ना?"

पूर्वी तिने हे कधीच विचारलं नव्हतं. मी दर वेळी "बरोबर आहे" म्हणत असे, आणि ते खरोखर बरोबरच असे. तिच्या बोटांची काही चूक नव्हती. तुझी बोटं खोटं सांगतात, हे मी तिला सांगितलं होतं, आणि तिने ते आज्ञाधारकपणे ऐकलं होतं.

मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. दिसणाऱ्या मुलांचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले. आमचे कसे होणार? ब्रेल फोनवर शिकवता येत नाही आणि मखमल ऐकू जात नाही. मी फोन करायची तेव्हा आई सांगायची, "चांगली आहे मॅडम, रेडिओ आयकून राहिली." एकदा म्हणाली, "आता खिडकीतला उजेडही नाही म्हणते." डॉक्टरांनी सांगितलेली मुदत भरायच्या आधीच नजर गेली होती.

बसगाड्या सुरू झाल्या तशी मी कोराडीला गेले. त्यांच्या दोन खोल्या. दारातल्या तुळशीवर राखेचा पातळ थर. वडील रात्रपाळी करून आले होते, तरी माझ्यासाठी उठून बसले. मनस्वी खाटेवर होती. वाढली होती. माझ्या आवाजाकडे तोंड करून हसली तेव्हा तिचे डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी होते.

मी सगळं सांगितलं. तुकडे कसे उचलले, पर्समध्ये कसे टाकले, आणि नंतर खोटं कसं बोलले. सांगताना रडले. हे वय रडायचं नव्हे, पण रडले.

वडील गोंधळले. "एवढंच का मॅडम? एवढ्यासाठी तुम्ही इथवर आल्या? अहो, लेकरू आहे ते. विसरूनबी गेलं असन."

"जाऊ द्या ना मॅडम," आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. माझा अपराध त्यांना दिसतच नव्हता आणि त्यांच्या चांगुलपणापुढे तो आणखी समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मनस्वी मात्र विसरली नव्हती. तिने विचारलं, "म्हणजे स्पंज होता?"

"होता."

"किती तुकडे काढले?"

"सात."

ती ओठ हलवत मांडीवर बोटं टेकवत गेली. मखमल, सँडपेपर, स्पंज. सातव्यावर थांबली. "हो. सातच होते." मग म्हणाली, "मंग तेव्हाच काहून नाही सांगितलं मॅडम?"

"मला माझी लाज वाटली बेटा."

"ठीक आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने मला शेजारी बसायला जागा करून दिली आणि आम्ही दोघींनी चहात पाव बुडवून खाल्ला. परतीच्या बसमध्ये मला हलकं वाटलं. आपण सांगितलं, तिने ऐकलं, मिटलं, असं मी तेव्हा धरून चालले.

पुढे शाळा उघडली, वर्ग आणखी काही वर्षं चालला, आणि मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी माझ्या खाष्टपणाची पुष्कळ स्तुती झाली. आमच्या वर्गातली दोन मुलं आज खऱ्या कॉम्प्युटरवर, बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर, प्रोग्रॅम लिहितात, आणि त्याचा मला अभिमान आहे. मनस्वी त्यांत नाही. चटईकडे ती परत आलीच नाही. मी जोर केला नाही, तो करायचा अधिकार मी गमावला होता. ब्रेल ती उशिरा शिकली, पण शिकली. आता ती आणि रिद्धी शहरातल्या एका वसतिगृहात राहतात आणि दिसणाऱ्या मुलांच्या साध्या शाळेत जातात.

गेल्या हिवाळ्यात मी दोघींना भेटायला गेले. वसतिगृहाच्या बाई कौतुकाने सांगत होत्या, मनस्वी हळू वाचते पण तिच्याइतकं काळजीपूर्वक कुणी वाचत नाही, एक चूक सापडायची नाही. अंगणात बाकावर दोघी उन्हाला बसल्या होत्या. मनस्वीने मला विज्ञानाचा धडा वाचून दाखवला. प्रत्येक शब्दावरून तिचं बोट एकदा जाई, परत मागे येई, पुन्हा जाई आणि मगच तो शब्द तोंडातून निघे. तेरा वर्षांची पोर, एका पानाला पाऊण तास.

एका शब्दापाशी ती अडली. "मॅडम, हे परागकणच आहे ना?"

मी वाकून पाहिलं. "हो बेटा, परागकण."

"हो मॅडम," ती नम्रपणे म्हणाली. मग तिने पुस्तक बाकावरून रिद्धीकडे सरकवलं, आपला हात तिच्या हाताखाली देऊन तो त्या शब्दापाशी नेला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पाह्य ना वं, इथं काय लिहून आहे."

रिद्धीने बोट फिरवलं. "परागकण," ती म्हणाली.

मनस्वीने पुस्तक परत घेतलं आणि पुढचं वाचायला लागली.